द्राक्षमण्याला माप आहे, पावलाला नाही

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात हंगामाच्या दिवसांत सकाळच्या वेळी उभे राहिले, म्हणजे मोजमापाचे शास्त्र शेतकऱ्याच्या जीवनात किती खोलवर रुजले आहे याचा प्रत्यय येतो. कांद्याने भरलेला ट्रॅक्टर आधी भुईकाट्यावर चढतो. भरल्या आणि रिकाम्या वजनाची वजाबाकी होते. उन्हाळ कांदा निराळा, लाल निराळा, गोल्टी निराळी, अशी प्रतवारी लागते. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला जातो आणि त्यावरच भाव बोलला जातो. निर्यातीच्या द्राक्षांची तर गोष्टच वेगळी. मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये पाहिला जातो, गोडी यंत्राने तपासली जाते आणि फवारलेल्या औषधाचा अंश प्रयोगशाळेत शोधला जातो. निफाड तालुक्यातला सामान्य बागाईतदारही ही सारी परिभाषा घरच्या बोलीसारखी वापरतो. मोजल्याशिवाय माल सुधारत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

याच तालुक्यात, याच महामार्गाच्या दुतर्फा असलेल्या गावांत, बौद्धिक दिव्यांगता असलेली मुले वाढत आहेत. त्यांतील काही विशेष शाळांत जातात, काही सर्वसाधारण शाळांच्या मागच्या बाकावर बसतात आणि काही घराच्या ओट्यावर दिवस काढतात. या मुलांच्या वाट्याला आयुष्यात बहुधा एकच मोजमाप येते, ते म्हणजे दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगता असलेली व्यक्ती अनेक सवलतींस पात्र ठरते. त्यामुळे ही टक्केवारी महत्त्वाची आहे, यात शंका नाही. परंतु ती मुलाला काय येत नाही एवढेच सांगते. त्याचे शरीर कसे घडले आहे, त्यात स्नायू किती व मेद किती, त्याचे पाऊल जमिनीवर कसे पडते, तो किती धावू शकेल आणि धावताना त्याला कोठे दुखेल, यांविषयी ती मुकी आहे. विशेष शाळांतील मुलांच्या या मोजमापांची नियमित नोंद ठेवणारी सार्वत्रिक व्यवस्था महाराष्ट्रात आढळत नाही. प्रश्न किरकोळ वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

मैदान आले, तपासणी राहिली

बौद्धिक दिव्यांग मुलांनी मैदानावर उतरावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ साली स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले आणि त्यातूनच १९६८ च्या जुलैमध्ये शिकागो येथे पहिल्या ‘स्पेशल ऑलिंपिक’ स्पर्धा झाल्या. भारतात ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था २००१ पासून हे कार्य करीत आहे. २०२३ च्या जून महिन्यात बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धांत भारतीय चमूने ७६ सुवर्ण, ७५ रौप्य आणि ५१ कांस्य अशी एकूण २०२ पदके मिळविली. पॅरालिंपिकच्या क्षेत्रातही असेच एक उदाहरण आहे. तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा या खेड्यातील, मजुरी करून पोट भरणाऱ्या आईबापांची मुलगी दीप्ती जीवनजी हिने २०२४ च्या पॅरिस स्पर्धांत बौद्धिक दिव्यांगांच्या गटात ४०० मीटर धावण्याचे कांस्यपदक पटकाविले. गावाने जिला लहानपणी हिणविले, त्याच मुलीचे हे यश आहे.

नाशिक जिल्ह्याला हे दृश्य परके वाटू नये. सावरपाड्याची कविता राऊत याच मातीत धावायला शिकली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. पिंपळगावच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. नाशिक शहरात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनीची शाळा काढली आणि बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शिक्षणाची परंपरा येथे रुजविली. अर्थात खेळाची परंपरा आहे आणि विशेष शिक्षणाचीही आहे. या दोहोंना जोडणारा दुवा मात्र अशक्त आहे. हा दुवा म्हणजे शरीराची शास्त्रशुद्ध तपासणी होय.

स्पेशल ऑलिंपिकच्या चालकांनाही हा दुवा उशिराच उमगला. स्पर्धांसाठी आलेल्या खेळाडूंची सहज म्हणून तपासणी करता कित्येकांचे दात किडलेले, कित्येकांची नजर अधू आणि पाय दुखावलेले आढळू लागले. तेव्हा १९९७ मध्ये स्पर्धांच्या बरोबरीने आरोग्यतपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यातील एक विभाग केवळ पावलांचा आहे. तेथे वारंवार आढळणारी गोष्ट साधी परंतु अस्वस्थ करणारी आहे. ज्यांच्या पायाचे माप आणि बुटाचे माप जुळत नाही, अशा खेळाडूंची संख्या फार मोठी असते. बूट लहान होतो हे सांगण्याची त्यांना सवय नसते आणि विचारण्याची सवय भोवतालच्या माणसांना नसते. भारतातही ७ एप्रिल २०२२ रोजी, जागतिक आरोग्यदिनाच्या निमित्ताने, ७५ शहरांतून अशा खेळाडूंच्या तपासणीची शिबिरे योजण्यात आली होती. उपक्रम स्तुत्यच होता. परंतु शिबिर एका दिवसाचे असते आणि शरीर रोजचे असते. शिवाय शहरात भरलेले शिबिर खेड्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

शरीर म्हणजे केवळ वजन नव्हे

शरीराची तपासणी म्हटली की वजनकाटा पुढे येतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की एक निर्देशांक मिळतो आणि त्यावरून माणूस कृश की स्थूल हे ठरविले जाते. ही रीत सोयीची आहे, परंतु भारतीय शरीराच्या बाबतीत ती किती फसवी ठरू शकते, हे महाराष्ट्रातीलच एका संशोधकाने जगाला दाखवून दिले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही निर्देशांक नेमका २२.३ होता, म्हणजे काट्यापुढे दोघे सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांच्या अभ्यासातही हेच आढळले होते. अर्भक वजनाने हलके, हातापायांनी बारीक, परंतु मेद मात्र त्या मानाने राखलेला. दिसायला कृश परंतु आतून मेदाळ, अशी ही आपल्याकडील देहरचना आहे. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५ धरावी, असे तज्ज्ञांनी सुचविले आहे.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या बाबतीत ही फसवणूक अधिकच वाढते. या व्यक्तींमध्ये स्थूलतेचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, असे देशोदेशींच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. त्याची कारणे एकाच प्रकारची नाहीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू जन्मतःच सैल असतात आणि त्यांच्यात कंठस्थ ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, विकार पुष्कळदा आढळतो. वर्तनावर नियंत्रण राहावे म्हणून दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी भूक व वजन दोन्ही वाढतात. त्यात घरची माया मिसळते. आपल्या लेकराला जगाने दुसरे काही दिले नाही, निदान खायला तरी मनसोक्त द्यावे, या भावनेने आई दोन घास अधिक भरविते. शाळेत एखादे काम नीट केले की बक्षीस म्हणून बिस्किट मिळते. खेळायला मात्र त्याला कोणी बोलावीत नाही. मायेचे माप वाढते आणि हालचालीचे माप घटते, त्याचा हिशेब शेवटी शरीराला चुकता करावा लागतो.

तथापि, सगळीच मुले स्थूल असतात असेही नाही. याच जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत कुपोषणाचा प्रश्न जुना आहे. ज्या मुलाला चावण्यास व गिळण्यास अडचण येते, त्याची उपासमार भरल्या घरातही होऊ शकते. अशा मुलाचे वजन कमी दिसते. परंतु त्याच्या अंगी स्नायूच नाहीत की मेदही नाही, हे वजन सांगत नाही. म्हणजे काटा एका मुलाविषयी खोटा दिलासा देतो आणि दुसऱ्याविषयी अर्धवट भीती घालतो. खेळाडू घडवायचा असेल तर स्नायू आणि मेद यांचे गणित निराळे मांडावे लागेल. त्यासाठी मोठ्या रुग्णालयांतील महागडी यंत्रेच हवीत असे नाही. दंडाच्या मागची त्वचा चिमटीत धरून तिची जाडी मोजणारा चिमटा आणि कंबर मोजणारी शिंप्याची फीत एवढ्यावरही पुष्कळ काही कळते. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक नसावा, हा साधा आडाखा कोणत्याही शिक्षकाला पाठ होण्याजोगा आहे.

पावलाची कमान

शरीराचा हा सारा भार अखेर दोन पावलांवर येतो. धावताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा आघात पडतो. तो झेलण्यासाठी निसर्गाने तळव्याला आतल्या बाजूने कमान दिली आहे. पाऊल जमिनीला टेकताना सैल पडते, आघात पचविते आणि पुढच्याच क्षणी ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते. स्थापत्यशास्त्रात एकच कमान असे दुहेरी काम करीत नाही. पावलाला ते करावे लागते. ज्याची कमान बसलेली असते, त्याचे पाऊल आत कलते, त्यामागोमाग गुडघाही आत वळतो आणि पुढे ढकलण्याची शक्ती वाया जाते. अशा मुलाला त्याच अंतरासाठी अधिक श्रम पडतात आणि तो लवकर थकतो.

महाराष्ट्राच्या लोकजीवनाला पावलाची कमान अपरिचित नाही. गौरी आवाहनाच्या दिवशी उंबरठ्यापासून देवघरापर्यंत मुठीच्या कडेने जी पावले उमटविली जातात, त्यांच्या आतल्या बाजूला बाक असतो. ओल्या पावलाचा ठसा पाहून कमान ओळखण्याची वैद्यकातील रीतही याच जातीची आहे. ग्रामीण तरुणाला मात्र सपाट पायाचा विषय एकाच ठिकाणी भेटतो, तो म्हणजे सैन्यभरतीच्या मैदानावर. पहाटे महामार्गाच्या कडेने वर्षभर धावलेला मुलगा वैद्यकीय तपासणीत सपाट पायामुळे नापास होतो, तेव्हा आपल्याला असा काही दोष आहे हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना प्रथमच कळते. धडधाकट, बोलत्याचालत्या तरुणाची ही स्थिती, तर स्वतःचे दुखणे शब्दांत न मांडता येणाऱ्या मुलाची काय असेल, याची कल्पना करावी.

डाऊन सिंड्रोममध्ये स्नायूंबरोबर सांध्यांचे बंधही सैल असतात. त्यामुळे पाऊल सपाट होते, पुष्कळदा ते आखूड व रुंद असते आणि अंगठा व शेजारचे बोट यांत फट असते. बाजारातला बूट अशा पावलाला लांबीला पुरतो तेव्हा रुंदीला आवळतो आणि रुंदीला पुरतो तेव्हा लांबीला मोठा होतो. स्वमग्न मुलांपैकी काही चवड्यांवरच चालतात आणि त्यांच्या पोटऱ्या आखडतात. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असलेल्या मुलाला कोलांटी मारायला लावणे तर जिवावर बेतू शकते. मैदानावर सर्वांना एकाच शिट्टीने पळविणाऱ्या शिक्षकाला या गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत.

पावलाची स्थिती मोजण्यासाठी एक सोपी व यंत्राविना वापरता येणारी पद्धत उपलब्ध आहे. ब्रिटनमधील संशोधक रेडमंड यांनी ती सिद्ध केली आणि तिचे सध्याचे रूप २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलाला सरळ उभे करून घोटा, टाच, तळव्याची कमान, चवड्याचा कल अशा ६ गोष्टी डोळ्यांनी व बोटांनी तपासावयाच्या आणि प्रत्येकीला उणे २ ते अधिक २ असे गुण द्यावयाचे. बेरीज ० ते ५ आली तर पाऊल सर्वसाधारण; ६ ते ९ आली तर आत कललेले; १० वा त्याहून अधिक आली तर फारच कललेले; आणि उणे आली तर बाहेर कललेले. भौतिकोपचाराचा विद्यार्थी ही पद्धत सरावाने आत्मसात करू शकतो आणि एका मुलाला काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

बूट हाच उपाय नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सपाट पाय आढळला की लगेच महागडा बूट वा आतील गादी लिहून देण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु लहान मुलांचे पाऊल प्रारंभी सपाटच असते आणि कमान वयाबरोबर घडत जाते. लवचिक व न दुखणाऱ्या सपाट पायाला उपचाराची गरज बहुधा नसते. राव आणि जोसेफ या दोन भारतीय शल्यतज्ज्ञांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून जो निष्कर्ष काढला, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर अनवाणी मुलांत ते अवघे २.८ टक्के होते. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक आढळले, सँडल व चपला वापरणाऱ्यांत कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी. विशेष म्हणजे, ज्यांचे सांधे मुळातच सैल होते त्यांच्यात हा फरक सर्वाधिक ठळक होता.

याचा अर्थ मुलांना काट्याकुट्यांतून अनवाणी पळवावे असा नव्हे. अर्थ एवढाच, की ज्या मुलांचे बंध सैल आहेत त्यांना अजाणत्या वयात दिवसभर बंद बुटांत कोंडून ठेवणे हिताचे नाही. गणवेशाची शिस्त म्हणून सर्वांना काळे बूट सक्तीचे करणाऱ्या शाळांनी याचा विचार करावा. स्वच्छ मातीवर वा वाळूवर चालणे, बोटांनी रुमाल उचलणे, चवड्यांवर उभे राहणे, हे खेळ कमानीच्या स्नायूंना काम देतात आणि त्यांना खर्च येत नाही. धावण्याच्या स्पर्धेसाठी योग्य मापाचा बूट हवाच. परंतु तो पावलाला मोजून घेतलेला हवा. देणगीत आलेल्या पेटीतून हाती लागेल तो बूट पायात कोंबणे म्हणजे उपकाराच्या नावाने केलेली इजा होय.

शरीररचना आणि पाऊल या दोन गोष्टी एकत्र का पाहाव्यात, तेही यावरून स्पष्ट होईल. वाढलेला मेद कमान दाबतो. दुखरे पाऊल मुलाला बसवून ठेवते. बसलेल्या मुलाचा मेद आणखी वाढतो. कमकुवत स्नायू दोन्ही बाजूंनी या चक्राला गती देतात. हे चक्र कोठेतरी तोडावयाचे असेल, तर ते कोठे फिरते आहे हे आधी पाहिले पाहिजे. केवळ ‘याला पळवा, वजन उतरेल’ असे सांगणारा, दुखऱ्या पावलावर अधिक भार टाकतो. केवळ ‘याला बसू द्या, पाय दुखतो’ असे म्हणणारा, मेदाला मोकळे रान देतो.

न बोललेली वेदना

या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे. शंभर मीटर धावताना साठाव्या मीटरला खाली बसणाऱ्या मुलाला मैदानावर काय ऐकावे लागते? तो आळशी आहे, हट्टी आहे, त्याला समजतच नाही. वेदना झाली तर सर्वसाधारण मूल रडते, बोट दाखविते, तक्रार करते. बौद्धिक दिव्यांग मूल पुष्कळदा फक्त थांबते. त्याचे थांबणे हीच त्याची तक्रार असते. ती त्याच्या बुद्धीच्या खात्यावर जमा केली जाते आणि पायाकडे कोणी पाहत नाही. डॉक्टरांकडे नेले तरी ‘अशा मुलांचे असेच असते’ हे उत्तर मिळण्याचा संभव असतो. एक दोष दिसला की बाकीचे सारे त्याच्या आड लपावे, हा या मुलांवर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. मोजमाप केल्याने हा अन्याय पुष्कळसा टळू शकतो, कारण आकडा मुलाच्या वतीने बोलतो.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा, की ज्या मुलांना शाळा मिळण्याचीच मारामार, त्यांच्या पावलांचे कोन मोजणे ही चैन आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६० हजार बौद्धिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्यांच्या मूलभूत गरजाच भागलेल्या नाहीत, हे खरे आहे. परंतु ज्या तपासणीला एक फीत, एक काटा, एक पाण्याचे घमेले आणि एक प्रशिक्षित माणूस पुरतो, तिला चैन म्हणता येणार नाही. चालता न येण्यामुळे ज्या मुलाची शाळा सुटते, त्याला विचारावे की पाऊल ही चैन आहे काय.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मोजमाप हे वगळण्याचे हत्यार बनू शकते. जाड मुलाला चमूतून काढावे, सपाट पायाच्या मुलीला खेळच नको म्हणावे, असे घडू शकेल. मोजमापाचा दुरुपयोग दुसऱ्या टोकानेही होतो. २००० सालच्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पेनच्या बौद्धिक दिव्यांगांच्या संघातील १२ पैकी १० खेळाडू दिव्यांग नव्हतेच, असे उघडकीस आले. त्या लबाडीची शिक्षा जगभरातल्या खऱ्या खेळाडूंना भोगावी लागली, कारण २०१२ च्या लंडन स्पर्धांपर्यंत त्यांच्यासाठी पॅरालिंपिकचे दार बंद राहिले. म्हणून हे तत्त्व प्रारंभीच निश्चित झाले पाहिजे, की शरीराचे मोजमाप हे मुलाला खेळविण्यासाठी आहे, वगळण्यासाठी नाही. नोंदवही मुलाची आणि पालकांची असावी, आकडे फलकावर लागू नयेत, आणि तपासणीपूर्वी मुलाला त्याच्या समजुतीच्या भाषेत ‘आता तुझा पाय पाहतो’ एवढे तरी सांगितले जावे. त्याची संमती हीदेखील संमतीच आहे.

मोजावे कोणी?

कायदा या बाबतीत अपुरा नाही. २०१६ च्या अधिनियमात दिव्यांगांच्या आरोग्याची व त्यांच्या क्रीडासहभागाची जबाबदारी शासनावर टाकणारी स्वतंत्र कलमे आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांची फिरती पथके अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे आणि जन्मतः वाकडे असणारे पाऊलही आहे. सपाट व कललेल्या पावलाचा मात्र तीत उल्लेख नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. या विभागाने विशेष शाळांसाठी वर्षातून दोनदा करावयाच्या तपासणीचा एक पानी नमुना ठरवून दिला, तरी अर्धे काम होईल. त्यात उंची, वजन, कंबर, त्वचेची जाडी, पावलाचा ठसा, पावलाच्या स्थितीचे गुण आणि बुटाचे माप एवढेच असावे.

उरलेले अर्धे काम स्थानिक आहे आणि पिंपळगावच्या परिसरात त्याची साधने विपुल आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकलाच आहे. पिंपळगावहून नाशिककडे जाताना वाटेतच आडगाव लागते. तेथे मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि भौतिकोपचाराचे शिक्षणही दिले जाते. याच संस्थेचे काकासाहेब वाघ महाविद्यालय खुद्द पिंपळगावात आहे. भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष सरावाची गरज असते आणि विशेष शाळांना तपासनीसांची असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना ग्रामीण शिबिरासाठी रस्त्याकडेची झाडलोट सोडून अधिक सार्थ काम हवे असेल, तर उंची-वजनाच्या नोंदी ठेवणे त्यांना सहज जमेल. गावातल्या चर्मकाराला रुंद पावलाचे माप घेण्याचे आठ दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, तर परदेशी नावाचा बूट शोधीत शहरात भटकावे लागणार नाही आणि त्याच्या कलेलाही नवे गिऱ्हाईक मिळेल.

खर्चाचा प्रश्न उरतो. सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या या तालुक्यात तो अवघड वाटू नये. ज्या बाजारपेठेत हंगामात रोज हजारो क्विंटल माल तोलला जातो, तेथल्या संस्थांनी ठरविले तर तालुक्यातील प्रत्येक विशेष शाळेला एक चांगला काटा, एक उंचीमापक आणि एक त्वचामापक चिमटा देणे ही काही दिवसांची बाब आहे. याला दान म्हणू नये. ज्यांच्या घरची मुले या शाळांत आहेत, ते शेतकरी आणि शेतमजूर त्याच आवारात माल घेऊन येतात.

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, ठिकठिकाणी या मुलांच्या धावण्याच्या शर्यती होतात. पाहुणे येतात, भाषणे होतात, मुलांच्या हाती प्रमाणपत्र आणि खाऊ पडतो आणि मंडप उतरतो. येत्या ३ डिसेंबरला पिंपळगावच्या एखाद्या मैदानावर मंडपाच्या एका कोपऱ्यात एक बाक, एक काटा, एक फीत आणि पाण्याचे एक घमेले ठेवावे. शर्यतीपूर्वी प्रत्येक मुलाचे ओले पाऊल कागदावर उमटावे, त्याखाली तारीख व माप लिहिले जावे आणि सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढून दुसऱ्या ठशाशी ताडून पाहावा. कोणाचा बूट बदलावा, कोणाचे जेवण, कोणाचा व्यायाम आणि कोणाला डॉक्टरांकडे न्यावे, हे त्या दोन कागदांवरून बरेचसे उमगेल. साठाव्या मीटरला बसणारा तो मुलगा हट्टी होता की त्याचा पाय दुखत होता, हेही कदाचित त्यावरूनच कळेल.